हर्ता, दांदा, साक्सी : मलय लोकांचा इस्लामी कायदा कसा घडला

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या रत्नागिरीच्या एका मुलीने विचारलं आहे : "मलेशियातला शरियत कायदा अरबस्तानातून जसाच्या तसा आला, की ब्रिटिशांनी तो उभा केला? आणि मलय लोकांच्या मूळच्या चालीरीती त्यात बुडाल्या का?" मी तीस वर्षं मुंबईत आणि कोकणात मुस्लिम कुटुंबांचे वारसाहक्काचे आणि तलाकाचे दावे चालवले. मलय कायद्याकडे वळलो तो याच कामामुळे, आणि का वळलो ते पुढे येईलच. आधी प्रश्नातली एक गोष्ट बाजूला ठेवू. हा कायदा "आला" असं म्हटलं की एखादं जहाज धक्क्याला लागावं तसं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात तो सातशे वर्षं लिहिला जातो आहे. कधी राजाने लिहवून घेतला, कधी आलिमांनी (धर्मपंडितांनी) लिहिला, कधी गोऱ्या न्यायाधीशाने, आणि आता विधानसभा लिहिते. कुठल्याही टप्प्यावर मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की कायदा सांगण्याचा अधिकार त्या वेळी कोणाच्या हातात होता.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण मराठी माणसाला तिथे भाषांतर लागत नाही. क्वालालंपूरच्या शरियत कोर्टात नवरा-बायकोचा दावा उभा राहतो तेव्हा नवऱ्याला म्हणतात 'सुआमी', बायकोला 'इस्तेरी', साक्षीदाराला 'साक्सी', मालमत्तेला 'हर्ता' (आपला 'अर्थ'), आणि दंडाला 'दांदा', आजच्या उच्चारात 'देंदा'. धर्माला 'आगामा', रोज्याला 'पुआसा', म्हणजे उपवास. त्यावर अरबीचा थर : 'हुकूम', 'हाकिम', 'कानून', 'निकाह', 'तलाक'. आणि रूढीला जो शब्द आहे, 'अदात', तोही मूळचा अरबीच. हिंदीतली 'आदत' ती हीच. म्हणजे मलय माणसाने आपल्या सगळ्यात जुन्या, इस्लामपूर्व वहिवाटीलासुद्धा नाव दिलं ते इस्लामच्या भाषेतून घेऊन. या एका शब्दावर मी वर्गात अर्धा तास घालवत असे.

हे थर एकाच दगडावर पाहायचे तर तेरेंगानूचा शिलालेख घ्या. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर क्वाला बेरांगजवळ १८८७ मध्ये, पूर ओसरल्यावर हा दगड सापडला. अरबी वळणाच्या, म्हणजे जावी लिपीत मलय भाषा लिहिल्याचा हा सर्वांत जुना ज्ञात पुरावा. त्यावरचं वर्ष सहसा हिजरी ७०२, म्हणजे इसवी सन १३०३ असं वाचतात. दगडाचा वरचा भाग तुटल्यामुळे त्या वाचनावर वादही आहे. मजकूर सरळ कायद्याचा आहे. कर्जाची देणीघेणी आहेत, व्यभिचाराच्या शिक्षा आहेत. अविवाहिताला शंभर फटके, विवाहिताला दगडांनी मारणं, हे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, ग्रंथातलं. पण लगेच पुढे सरदार-मंत्र्यांसाठी हुद्द्याप्रमाणे वेगवेगळा दंड ठरवून दिला आहे, आणि दंडाला शब्द 'दांदा' आहे. फिक्हमध्ये हुद्दा पाहून शिक्षा बदलत नाही. ती जुनी दरबारी रीत. आणि अल्लाहसाठी शब्द वापरला आहे 'देवाता मुलिया राया'! कोरणाऱ्याला त्यात काहीही विसंगत वाटलं नसणार. नवा कायदा जुन्या शब्दांतच लोकांना समजणार होता.

या कायद्याचा पंथ कोणता, हे कोकणातल्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. उत्तर भारतातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी. कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत, मलबारचे मापिळा आणि मलय हे सगळे शाफई. हा योगायोग नव्हे. हिंदी महासागराच्या काठाकाठाने अरब व्यापाऱ्यांबरोबर जो इस्लाम गेला तो मुख्यतः शाफई होता. इब्न बतूता होनावरच्या लोकांना शाफई म्हणतो, आणि पुढे १३४५ च्या सुमारास सुमात्रातल्या समुद्र-पासाईला पोचल्यावर तिथला सुलतानही शाफई असून फकिहांच्या, म्हणजे कायदेपंडितांच्या, चर्चेत रमतो, असं लिहितो. त्याच पासाईत खंबायतहून नेलेल्या संगमरवराच्या कबरी आजही आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी त्याच शाफई परंपरेतले. मलबारात पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूमांनी सोळाव्या शतकात लिहिलेला 'फतहुल मुईन' हा शाफई ग्रंथ मलय मुलुखातल्या आणि जावा बेटावरच्या मदरशांत आजतागायत शिकवतात. तेव्हा विद्यार्थिनीने अरबस्तान म्हटलं, तर मी म्हणेन वाटेतल्या बंदरांकडे बघ. गुजरात, कोकण, मलबार हे सगळे त्या वाटेवर होते.

आता मलाक्का. पंधराव्या शतकात या बंदरात चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते, आणि त्यांतला एक खास गुजराती व्यापाऱ्यांसाठी. इतकी माणसं, इतक्या भाषा, इतकं सोनं आणि मसाला. तिथे लेखी कायद्याशिवाय एक दिवस निघाला नसता. सुलतान मुहम्मद शाहच्या काळात सुरू होऊन मुझफ्फर शाहच्या काळात आकाराला आलेली मलाक्काची संहिता चव्वेचाळीस प्रकरणांची आहे. समुद्रावरच्या कायद्याची संहिता वेगळी. जहाजाचा नाखवा जहाजावर राजासारखा असतो, ही त्यातली कल्पना.

या संहितेची ढब सगळ्यात बोलकी आहे. एखाद्या गुन्ह्यावर आधी देशरीत सांगायची : अमुक केलं तर अमुक दंड, राजाच्या परवानगीवाचून मारलं तर इतकं भरायचं. आणि मग पुढे जोडायचं : "पण अल्लाहच्या हुकमाप्रमाणे," जो मारतो त्याला मारलं जाईल. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी, एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. काही अभ्यासक याला गोंधळ म्हणतात. मला तो गोंधळ वाटत नाही. दोन्ही नियम माहीत असलेल्या न्यायाधीशाच्या हातात दिलेली ती मुभा होती. लग्न, खरेदी-विक्री, साक्षीपुरावा यांची प्रकरणं मात्र बरीचशी शाफई पाठ्यग्रंथांतून उतरवलेली आहेत. आणि जमिनीचा नियम पाहा : जमीन 'जिवंत' किंवा 'मेलेली'. ओसाड, कुणाची खूण नसलेली जमीन मेलेली. जो तिला लागवडीखाली आणेल त्याचा तिच्यावर हक्क. हा नियम फिक्हमध्येही आहे आणि जंगल तोडून भात लावणाऱ्या मलय शेतकऱ्याच्या अनुभवातही होता. अशा ठिकाणी रूढी आणि शरियत कुठे जुळली ते दाखवायला सांधाच सापडत नाही.

१५१० मध्ये पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. पुढची एकशेतीस वर्षं, १६४१ मध्ये डच येईपर्यंत, मलाक्काचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली राहिला. बंदर गेलं पण संहिता गेली नाही. तिच्या नकला जोहोर, पाहांग, केदाह, पातानी अशा दरबारांत फिरल्या आणि दर ठिकाणी थोड्या बदलल्या. सतराव्या शतकाच्या आसपासची पाहांगची संहिता तर मलाक्कापेक्षा अधिक फिक्हकडे झुकलेली आहे.

विद्येचं केंद्र आता आचेला सरकलं, सुमात्राच्या उत्तर टोकाला. तिथे १६३७ मध्ये आलेले नुरुद्दीन अल-रानिरी आपल्या सुरतेजवळच्या रांदेरचे. 'रानिरी' म्हणजेच रांदेरी. त्यांचा 'सिरातुल मुस्तकीम' हा उपासनेच्या नियमांवरचा मलय भाषेतला पहिला मोठा ग्रंथ. यानंतर नमाज-रोज्याचे नियम समजायला अरबी येणं आवश्यक राहिलं नाही. पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे अब्दुर रऊफ अल-सिंकिली. १६६३ मध्ये त्यांनी व्यवहार, लग्न, गुन्हे यांवर 'मिरातुत तुल्लाब' लिहिला, आणि लिहिला तो एका स्त्रीच्या आज्ञेवरून. १६४१ पासून आचेच्या गादीवर सुलताना सफियतुद्दीन होती आणि तिच्यानंतर १६९९ पर्यंत आणखी तीन राण्या बसल्या. हाकिम होण्याच्या अटींत अरबी ग्रंथ 'पुरुष असावा' अशी अट देतात. सिंकिलींनी त्या शब्दाचं मलय भाषांतरच दिलं नाही. कायद्याच्या इतिहासात एवढा अर्थपूर्ण गाळलेला शब्द मी दुसरा पाहिलेला नाही.

आता ज्या विषयामुळे मी या सगळ्यात पडलो तो. मलय भाषेत 'हर्ता सपन्चारियान' म्हणतात, म्हणजे नवरा-बायकोने मिळून कमावलेली मालमत्ता. शास्त्रीय शाफई फिक्हमध्ये अशी चीजच नाही. तिथे नवऱ्याचं ते नवऱ्याचं, बायकोचं ते बायकोचं. तलाक झाला तर मेहर आणि इद्दतीची, म्हणजे तलाकानंतरच्या प्रतीक्षाकाळाची, पोटगी. नवरा वारला आणि मुलं असली तर विधवेला एक अष्टमांश. मलय खेड्यात मात्र बायको चिखलात उभी राहून भात लावते, रबराची झाडं चिरते. तिथली रूढी सांगते की शेतात तिचा हात असेल तर अर्धा वाटा, नसेल तरी घर सांभाळल्याचा एक तृतीयांश. नवऱ्याच्या नावाने सातबारा असला (आपल्या शब्दांत सांगतो) तरीही.

हिशोब मांडून दाखवतो. आठ एकर जमीन दोघांनी मिळून उभी केली. नवरा वारला, मुलं आहेत. फक्त फिक्हप्रमाणे विधवेला एक एकर. मलय पद्धतीत आधी तिचे चार एकर बाजूला काढतात, कारण ते मयताचे नव्हतेच. उरलेल्या चारांचा अष्टमांश म्हणजे अर्धा एकर. एकूण साडेचार. कुराणातला वारशाचा नियम तसाच राहिला, एक अक्षरही बदललं नाही. वाटणीला काय येतं, एवढंच आधी ठरवलं.

आलिमांनी हे कसं पचवलं? अठराव्या शतकातले बोर्निओचे मोठे शाफई विद्वान मुहम्मद अर्शद अल-बंजारी यांनी नवरा-बायकोच्या संसाराला भागीदारी मानून हा वाटा मान्य केला, अशी तिथली परंपरा सांगते. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यातली बत्तिसावी आयत, पुरुषांना त्यांनी कमावलेल्याचा वाटा आणि स्त्रियांना त्यांनी कमावलेल्याचा, हीही आधाराला घेतात. रूढीने प्रश्न उभा केला, फिक्हने तिला भागीदारीचं नाव दिलं.

माझ्याकडे वर्षांपूर्वी कोकणातली एक बाई आली होती. बावीस वर्षांचा संसार. आंब्याची कलमं तिने डोक्यावर पाणी वाहून जगवलेली, बाग नवऱ्याच्या नावावर. तलाकानंतर तिच्या हाती मेहरची जुनी रक्कम आणि इद्दतीचे तीन महिने. पंथ शाफई, ग्रंथ तेच, समुद्रही तोच. मलेशियातल्या पेराक राज्याच्या खेड्यात ती असती तर अर्धी बाग मागू शकली असती. तिचा दावा मी हरलो. त्या रात्रीपासून मी मलय निवाडे वाचायला लागलो.

पण रूढी म्हणजे स्त्रीच्या बाजूची असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुंबईचंच उदाहरण घ्या. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन मुली कुराणातला वारसा मागत होत्या. कोर्टाने रूढी मान्य केली आणि मुलींना तो वाटा नाकारला. पुढे १९३७ च्या शरियत कायद्याने भारतात रूढी बाजूला सारली, शेतजमीन सोडून. तिथे स्त्रियांना शरियत उपकारक ठरली. मलय मुलुखात उलट. नेगेरी सेंबिलान राज्यात मिनांगकाबाउ वंशाच्या लोकांत वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. १९५१ मध्ये रेंबाउ भागात ही रीत मोडून फिक्हप्रमाणे वाटणी करण्याची चळवळ झाली, तेव्हा बायकांनी नवऱ्यांना घटस्फोटाची धमकी दिली आणि ती चळवळ थंडावली. तिथली म्हण आहे : अदात शरियतवर टेकलेली, शरियत अल्लाहच्या किताबावर. ही म्हण दोन्ही बाजूंनी तितक्याच निष्ठेने उच्चारली जाते.

ब्रिटिशांचा वाटा मोठा आहे, पण लोक समजतात तो नव्हे. २० जानेवारी १८७४ च्या पांगकोर करारात पेराकच्या सुलतानाने मान्य केलं की ब्रिटिश रेसिडेंटचा सल्ला प्रत्येक बाबतीत घ्यावा आणि पाळावा, "मलय धर्म आणि रूढी" एवढ्या बाबी सोडून. या चार शब्दांनी पुढच्या दीडशे वर्षांची दिशा ठरवली. त्याआधी सुलतानाचा कायदा चोरीला, कर्जाला, जहाजाला, खुनाला लागू होता. आता ते सगळं गेलं. त्या जागी आली मेकॉलेच्या भारतीय दंडसंहितेची नक्कल. आजही मलेशियात फसवणुकीचं कलम ४२० आहे, आणि तिथल्या वकिलाशी बोलताना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

सुलतानाकडे एक खोली उरली : निकाह, तलाक, वारसा, मशीद, जकात. साहजिकच त्या खोलीतलं सामान वाढत गेलं. पूर्वी काझी हा गावातला विद्वान होता, आता तो पगारी नोकर झाला, अधिकारपत्रात लिहिलं तेवढाच अधिकार असलेला. केलांतान राज्याने १९१५ मध्ये धर्म आणि मलय रूढी यांची परिषद स्थापन केली आणि इतर राज्यांनी पुढे तोच नमुना घेतला. जोहोरचा मार्ग वेगळा होता. तिथे १९१३ मध्ये ओस्मानी साम्राज्याच्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेचं मलय रूपांतर लागू झालं. ती संहिता हनफी, आणि राज्य शाफई. आधुनिक, कलमवार कायदा आपलाही असू शकतो हे लंडनला दाखवण्याची निकड पंथाच्या भेदापेक्षा मोठी होती.

१९२७ चा एक निवाडा विद्यार्थिनीने मुळातून वाचावा : रामाह विरुद्ध लातोन. वाद विधवेच्या हर्ता सपन्चारियानचाच. खालच्या कोर्टात काझींची साक्ष घेतली होती, परदेशी कायदा सिद्ध करताना तज्ज्ञाची घेतात तशी. अपील कोर्टाने म्हटलं की मुस्लिम कायदा इथे परका नाही, तो या भूमीचा कायदा आहे, आणि तो काय आहे हे कोर्टाने स्वतः जाणून सांगायचं. मलय लोक हे वाक्य अभिमानाने उद्धृत करतात आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. काझीची साक्ष नको म्हणजे शेवटचा शब्द इंग्रज न्यायाधीशाचा. १९५० मध्ये तशाच एका न्यायाधीशाने ठरवलं की हर्ता सपन्चारियान ही शरियत नव्हेच, निव्वळ मलय रूढी. मलाक्काच्या संहितेत शेजारी शेजारी नांदणारी दोन उत्तरं इथे दोन वेगळ्या कप्प्यांत गेली. त्याआधी, १९४८ मध्येच, काझींची न्यायालयं संघराज्याच्या न्यायालयीन उतरंडीतून वगळली गेली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेने तोच नकाशा ठेवला. १९५७ ची घटना तिसऱ्या अनुच्छेदात इस्लामला संघराज्याचा धर्म म्हणते, पण इस्लामी कायदा राज्यांच्या यादीत, फक्त मुसलमानांपुरता. 'मलय' कोण, याची व्याख्या अनुच्छेद १६० मध्ये : जो इस्लाम मानतो, सवयीने मलय भाषा बोलतो आणि मलय रूढी पाळतो. माणसाच्या ओळखीतच धर्म, भाषा आणि अदात घटनेने एकत्र बांधली. म्हणून तिथे शरियतवरचा कोणताही वाद नुसता कायद्याचा राहत नाही, तो मलय असण्याचा होतो.

१९८८ मध्ये चे ओमर प्रकरणात आरोपीने मांडलं की अमली पदार्थांसाठीची फाशी इस्लामविरुद्ध आहे, म्हणून घटनाबाह्य. सरन्यायाधीश सालेह अबास यांनी युक्तिवाद फेटाळला. ब्रिटिशांनी इस्लामी कायद्याला लग्न-तलाक-वारशाच्या चौकटीत कोंडलं, आणि घटनेने 'इस्लाम' हा शब्द त्याच मर्यादित अर्थाने घेतला, असं त्यांचं विश्लेषण होतं. त्याच वर्षी अनुच्छेद १२१ ला उपकलम (१अ) जोडलं गेलं : शरियत कोर्टाच्या अखत्यारीतल्या बाबींत उच्च न्यायालयांनी हात घालायचा नाही. काझीच्या हाताखालचं कोर्ट आता पायऱ्यापायऱ्यांचं, अपिलांसह उभं राहिलं, आणि त्यात उभे राहणारे वकील 'पगुआम शरिये' म्हणून वेगळे नोंदवले जाऊ लागले. २०१० मध्ये पहिल्या दोन महिला शरियत न्यायाधीश नेमल्या गेल्या, आणि सिंकिलींच्या त्या गाळलेल्या शब्दाची मला आठवण झाली.

फौजदारी बाजूची मर्यादा संसदेने १९८४ मध्ये ठरवली. लोक तिला '३-५-६' म्हणतात : तीन वर्षं कैद, पाच हजार रिंगिट दंड, सहा फटके. त्यापुढे शरियत कोर्ट जाऊ शकत नाही. केलांतानने १९९३ मध्ये आणि तेरेंगानूने २००२ मध्ये हुदूदचे, म्हणजे धर्मग्रंथांनी ठरवून दिलेल्या शिक्षांचे, कायदे विधानसभेत केले, पण ते या भिंतीपलीकडे गेले नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी संघीय न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने केलांतानच्या शरियत फौजदारी कायद्यातली सोळा कलमं रद्द केली. गुन्हा इस्लामविरुद्ध आहे की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. राज्याला तो कायदा करण्याचा अधिकार घटनेने दिला आहे का, एवढाच होता. पांगकोरच्या त्या चार शब्दांची हद्द अजून मोजली जाते आहे.

माझा विषय मात्र १९८४ च्या दुसऱ्या कायद्यात आहे, संघीय प्रदेशांच्या इस्लामी कौटुंबिक कायद्याच्या अठ्ठावन्नाव्या कलमात. १९५० मध्ये ज्याला निव्वळ रूढी म्हणून बाजूला काढलं, ते हर्ता सपन्चारियान आता शरियत कोर्टाने द्यायचा हक्क आहे. दोघांच्या श्रमातून मालमत्ता झाली असेल तर कोर्टाचा कल समान वाटणीकडे असावा. एकट्याच्या कमाईतून झाली असेल तरी दुसऱ्याने घर आणि कुटुंब सांभाळल्याचं मोल धरावं, वाटा मात्र कमावणाऱ्याचा मोठा. खेड्यातला अर्धा आणि एक तृतीयांश इथे कलमाच्या भाषेत येऊन बसला आहे. राज्याराज्यांचे कायदे वेगवेगळे, तरी याच धर्तीचं कलम बहुतेक ठिकाणी सापडतं.

रत्नागिरीच्या मुलीने वाचायला सुरुवात करायची तर या कलमापासून मागे मागे जावं : कलम, मग १९५० चा निवाडा, मग रामाह विरुद्ध लातोन, मग मलाक्काची जिवंत आणि मेलेली जमीन, आणि शेवटी तो तुटका दगड. तिच्या आजूबाजूला बागा आहेत आणि त्यांना पाणी घालणाऱ्या बायकाही. भागीदारीचा तो फिक्हमधला युक्तिवाद इथल्या कोर्टापुढे नीट मांडून पाहण्याइतकी ती तरुण आहे, आणि मी हरलेल्या त्या दाव्याची कागदपत्रं माझ्या कपाटात अजून आहेत.